नऊ जाधव, पाच वेरंबकर

जुलैचा दुसरा रविवार, सकाळचे दहा. रक्कम घरटी दीडशे रुपये, पाच घरांचे साडेसातशे. हजर: माझे वडील, त्यांचे चुलतभाऊ कमलाकरकाका, आमच्याच गावचे आणखी तिघे जाधव, चहाला आत-बाहेर करणारी आई आणि इतिवृत्त लिहायला मी. मी तेव्हा दहावी पास झालेली होते, आणि अक्षर चांगलं हा एवढाच माझा त्या सभेतला अधिकार. विषय एकच होता. जाधव हे आडनाव टाकून द्यायचं.

ही वही अजून माझ्याकडे आहे. आडव्या रेघांची, शंभर पानी, त्यातली सहाच पानं लिहिलेली. पहिल्या पानावर मी 'सभेस वंदनेने सुरुवात झाली' असं लिहिलंय, आणि ते खरंही आहे. पण वंदना चालू असताना कमलाकरकाका डोळे मिटून बोटांवर पैसे मोजत होते, ते लिहिलेलं नाही. बाकी आकडे सगळे बरोबर आहेत. पुढे आयुष्यभर लेखापरीक्षणाची नोकरी केली, तरी इतकी बारकाईने लिहिलेली वही माझ्या हातून दुसरी झाली नाही.

सभा का भरली ते सांगायला आधी आमची इमारत सांगायला हवी. वर्तकनगरच्या वसाहतीतली सात नंबरची इमारत, चार मजले, मजल्याला आठ बिऱ्हाडं, एकूण बत्तीस. त्यात नऊ जाधव. मी मोजायला शिकले ती जवळजवळ जिन्याखालच्या नावांच्या पाटीवरच. नऊपैकी पाच आम्ही, कोकणातल्या वेरंबे गावचे, एकामागून एक एकमेकांच्या ओळखीने तिथे आलेले. दोन साताऱ्याकडचे, एक खानदेशातले, एक परभणीचे. खालून कोणी 'ओ जाधऽव' अशी हाक मारली की नऊ दारं उघडत, आणि ज्याचं काम त्याचं दार नेमकं बंद असे. ग्यासवाला सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर चढवून मग 'हे नव्हेत' म्हणून पुन्हा खाली आणे, आणि त्या जादा जिन्याचे पैसे आमच्याकडे मागे. एकदा तर दोन अनोळखी माणसं पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे मुलगी बघायला आली. आईने चहा-पोहे केले, बाबांनी शेतीची चौकशी केली, आणि अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं की त्यांना परभणीच्या जाधवांची मुलगी बघायची होती. मी तेव्हा सातवीत. पोहे मात्र त्यांनी दोनदा घेतले.

आम्ही एकमेकांना ओळखायला नावं पाडली होती. कमलाकरकाका बसमध्ये कंडक्टर, म्हणून 'तिकीट जाधव'. बाबा कारखान्याच्या स्टोअरमध्ये, म्हणून 'गोदाम जाधव'. आईला बायका 'बोंबील जाधव' म्हणत, कारण रविवारी आमच्याकडे सुके बोंबील भाजले की चारही मजल्यांना तो आमचाच स्वयंपाक आहे हे कळे. आईला हे नाव मुळीच आवडत नसे. 'त्या तिसऱ्या मजल्यावरच्या रोज सुकट करतात, त्यांना कोणी म्हणत नाही,' असं ती मला ऐकवी, जणू मी ते बारसं केलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या म्हणजे साताऱ्याच्या जाधवकाकू. आम्ही राहायला आलो त्या दिवशी जिन्यात ट्रंक उतरवून ठेवलेली असताना त्यांनी बाबांना विचारलं होतं, 'तुम्ही कुठले जाधव?' हा प्रश्न या आडनावाला जन्मभर चिकटलेला आहे. विचारणारा गाव विचारत नसतो. तो कोणते लोक ते विचारत असतो, आणि नऊ जाधवांच्या इमारतीत आडनावावरून ते कळत नाही याची त्याला रुखरुख असते. बाबा ट्रंक उचलत म्हणाले, 'पहिल्या मजल्यावरचे.' काकूंना उत्तर आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विरजण मागायला वाटी पाठवली, आणि पुढे वर्षानुवर्षं ती वाटी दोन्ही घरांत फिरत राहिली.

टपालाची एक रीत होती. पोस्टमन वयस्क होता, गुडघ्यांनी अधू. नऊ ठिकाणी चौकशी करण्यापेक्षा तो नऊ जाधवांचं सगळं टपाल काकूंकडे देई, कारण त्यांचं दार कायम उघडं आणि त्या पाणी विचारत. संध्याकाळी ज्या त्या घरातलं कोणीतरी वर जाऊन आपलं उचले. ही रीत कोणी ठरवली नव्हती आणि मोडायचीही कोणाला सुचली नव्हती. मला ती पहिल्यापासून खटकत होती. बत्तीस घरांना बत्तीस नंबर दिलेत ते कशासाठी, असं मी बाबांना विचारलंही होतं. 'पोस्टमनला सगळे ठाऊक आहेत,' ते म्हणाले.

त्या जूनमध्ये मी सरकारी तंत्रशाळेत पदविकेसाठी अर्ज केला होता. आमच्या पाच घरांत दहावीच्या पुढे जाणारी मी पहिली मुलगी. मुलाखतीला बोलावण्याचं पत्र यायचं होतं. फॉर्मात मी खोलीचा नंबर ठळक लिहिला होता; पाकिटावर पत्ता लिहिणाऱ्याने तो सोडून दिला आणि 'कु. सु. रा. जाधव, इमारत सात' एवढ्यावर भागवलं. पोस्टमनने ते रीतीप्रमाणे काकूंना दिलं. काकूंनी सरकारी खाकी पाकीट बघितलं, घराच्या हप्त्याची नोटीस असेल म्हणून यजमानांना सुट्टीच्या दिवशी दाखवायला घड्याळामागे खोचलं, आणि त्या विसरल्या. मी रोज संध्याकाळी वर जाऊन विचारत होते, 'काकू, माझं काही?' आणि त्या रोज चांगल्या मनाने म्हणत होत्या, 'नाही गं बाळ.' आठव्या दिवशी घड्याळाला चावी देताना पाकीट खाली पडलं. मुलाखत आदल्या दिवशी होऊन गेली होती.

मी रडले नाही, हे मी वहीत नाही पण मनात नोंदवून ठेवलं आहे. आई मात्र जिन्यात उभी राहून काकूंना नको ते बोलली आणि विरजणाची वाटी परत करून आली, धुऊन, रिकामी. बाबा तंत्रशाळेत जाऊन विनवण्या करून आले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, पहिली फेरी गेली. महिन्याभरात जागा उरल्या तर दुसरी फेरी होईल, पत्र येईल. तीही चुकली तर पुढचं वर्ष. आणि पुढचं वर्ष म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आजीने माझ्यासाठी गावाकडे एक स्थळ बघून ठेवलेलं होतं, आणि रिकाम्या बसलेल्या मुलीला आमच्याकडे कोणी वर्षभर ठेवत नसे.

म्हणजे आता सगळं त्या दुसऱ्या पत्रावर होतं. कोणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? पोस्टमनला गाठून सांगितलं असतं, की बाबा रे, हिचं पत्र पहिल्या मजल्यावर दे. माझ्या वडिलांनी सभा बोलावली.

'जाधव आहोत म्हणून हे झालं,' बाबा म्हणाले. 'नऊ जाधव एका इमारतीत! याला आडनाव म्हणत नाहीत, याला गर्दी म्हणतात. राजपत्रात देऊन रीतसर बदलून टाकू. मी वेरंबकर लावणार.'

'तू वेरंबकर?' कमलाकरकाका ताठ झाले. 'आणि आम्ही काय मग, बेंबकर? गाव काय तुझ्या एकट्याचं आहे रे, रामचंद्रा?'

'तू आजोबांच्या नावाने घे ना काहीतरी.'

'तूच घे. आजोबा दोघांचे एकच आहेत.'

बाकीच्या तिघांचंही हेच. गाव सगळ्यांचं, कोणी सोडायला तयार नाही. तासभर वाद झाला, दोनदा चहा झाला, आई भाकऱ्या थापायला गेली, आणि शेवटी ठरलं की पाचही जणांनी वेरंबकर व्हायचं. मी लिहायचं थांबले.

'बाबा, पण मग पाच वेरंबकर होतील. पोस्टमनला काय फरक पडला?'

'नऊचे पाच झाले ना,' बाबा म्हणाले. 'तूच हिशोब कर.'

'आणि माझं पत्र जाधव नावाने येणार आहे. अर्ज जाधव, शाळेचा दाखला जाधव, जातीचा दाखला जाधव.'

'पोरी,' कमलाकरकाका म्हणाले, 'तू लिही. तुझं तर काय, लग्नात बदलणारच आहे.'

मी लिहिलं: 'ठराव सर्वानुमते मंजूर.' त्या तीन शब्दांचा मला आजही राग येतो.

पुढचं वाचताना कोणाला वाटेल मी मीठमसाला लावतेय, म्हणून सांगते, वहीत आहे. राजपत्र यायला काही महिने लागणार होते. पण कमलाकरकाकांना धीर निघेना. त्यांनी त्याच आठवड्यात नौपाड्यातून पेंटर आणला, अक्षराला तीन रुपये ठरवून, आणि पाचही दारांवरचे जाधव पुसून वेरंबकर लिहून घेतले. जिन्याखालच्या पाटीवरही. वर पोस्टमनला बजावलं, 'आता आमचा आणि जाधवांचा संबंध नाही. वेरंबकर असेल तेवढं आम्हाला. तिसऱ्या मजल्यावर काही द्यायचं नाही.' पोस्टमनने पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाला, 'पाची तेच? मग कुठल्या वेरंबकरांना देऊ?'

मी रोज अकरा वाजता फाटकाशी जाऊन उभी राहू लागले. पोस्टमन यायची वेळ अकरा ते साडेबारा. पहिल्या दिवशी त्याला सांगितलं, जाधव नावाचं आलं तर ते माझं. तो म्हणाला, 'बाळ, जाधव अजून चार आहेत वर. मी कोणाचं कोणाला देऊ?' त्याचंही चुकत नव्हतं. म्हणून उभी राहत होते, की पाकीट दिसलं तर आपणच ओळखावं. दहा दिवस उभी राहिले. अकराव्या दिवशी बाबांनी आईला आणि मला कोर्टात नेलं.

ठाण्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसणारे एक वकील प्रतिज्ञापत्रं करून देत. बाबांनी स्वतःचं, आईचं, माझा धाकटा भाऊ अनिलचं असं सगळं आणलं होतं. प्रत्येक कागदावर 'यापुढे जाधव या नावाने ओळखला जाणार नाही' असं काहीतरी टाइप केलेलं. माझ्यासाठी शाळेचा मूळ दाखला लागत होता.

'दाखला?' वकिलांनी हात पुढे केला.

'घरी राहिला,' मी म्हणाले.

तो माझ्या पिशवीत होता, दोन पुठ्ठ्यांच्या मधे. खोटं बोलायची मला सवय नाही. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पिशवीकडे एकदा बघितलं, आणि वकिलांना म्हणाले, 'तिचं नंतर बघू.' त्यांना कळलं होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. परतताना त्यांनी आम्हाला उसाचा रस पाजला.

संध्याकाळी आई कुळथाची पिठी ढवळत होती तेव्हा दार वाजलं. साताऱ्याच्या काकू. महिनाभर दोन घरांत बोलणं नव्हतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आईकडे बघितलं नाही, सरळ माझ्या हातात खाकी पाकीट दिलं.

'बारा वाजता आलंय. पोस्टमन परत न्यायला निघालेला. म्हणला, पहिल्या मजल्यावर जाधव राहत नाहीत आता, तुमच्यातलं कुणाचं नसंल तर शेरा मारतो. मी म्हणलं, आण इकडं. कुठले जाधव ते मी बघते.' मग जरा थांबून, 'दुपारपासून चारदा खाली येऊन गेले. कुलूप. घड्याळामागं नाही ठेवलं हो. ब्लाउजात ठेवलंय.'

पाकीट गरम आणि वाकलेलं होतं. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

आईने पिठीचा डाव खाली ठेवला. 'बसा,' ती म्हणाली. काकू बसल्या नाहीत. दाराशी वळून म्हणाल्या, 'आणि ती वाटी तेवढी द्या. विरजण उरलं नाही माझ्याकडं.' वाटी काकूंचीच, आईनेच तावातावाने परत केलेली. पण आईने ते काढलं नाही. दुसऱ्या एका वाटीत विरजण घालून दिलं.

सकाळी बाबांनी रिक्षा केली. बसने उशीर होईल म्हणाले. तंत्रशाळेच्या खिडकीशी बावीस मुलं होती आणि जागा सात. माझा नंबर चौथा आला. खिडकीतल्या बाईंनी कागद पुढे ढकलला. 'पूर्ण नाव?'

मागे बाबा उभे होते. त्यांच्या खिशात कालच्या प्रतिज्ञापत्राची घडी होती. ती अर्धी बाहेर आलेली मला दिसत होती. घरून निघताना ते म्हणाले होते, 'विचारलं तर दाखवू, नवीन नावानेच होऊन जाईल सुरुवात.' त्यांची हौस मला कळत होती. कोणी 'कुठले' म्हणून विचारणार नाही असं एक नाव त्यांना मुलीच्या पहिल्या सरकारी कागदावर हवं होतं. पण माझ्या हातातले पाच कागद एक नाव सांगत होते आणि सहावा दुसरं. दोन नावं दिसली असती तर बाईंनी फाइल बाजूला ठेवली असती, आणि माझ्या मागे अठरा मुलं उभी होती.

'सुनंदा रामचंद्र जाधव,' मी म्हणाले.

'वडील आलेत? इथे सही.'

बाबा पुढे झाले. खिशातली घडी त्यांनी आत सारली, पेन घेतलं, आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली: रा. गो. जाधव. आदल्याच दिवशी त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं की हे नाव आपण पुन्हा वापरणार नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यात केलेली बेकायदा गोष्ट मला ही एकच ठाऊक आहे.

मला जागा मिळाली. आडनाव मात्र तेच राहिलं, आणि त्याचा जाच आजतागायत चालू आहे. वडील वेरंबकर आणि मुलगी जाधव, हे मी किती खिडक्यांवर किती जणांना समजावलं त्याची गणती आता मीही सोडली. त्यात मला नवरा मिळाला तो कल्याणचा जाधव. 'म्हणजे नाव बदललंच नाही?' बँकेतली मुलगी परवाच विचारत होती. नाही. कमलाकरकाकांचा तेवढा एक अंदाज चुकला. आम्ही डोंबिवलीत राहतो. सोसायटीच्या ग्रुपवर सहा जाधव आहेत, आणि पाचव्या मजल्यावरच्या जाधवांच्या पिझ्झ्याचे फोन मला येतात.

सात नंबरची इमारत पाडून तिथे आता दीडशे घरांचा मोठा टॉवर झालाय. अनिल तिथेच असतो. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा लिफ्टपाशी नावांचा फलक होता, सवयीने मोजला. जाधव दोन. बाकीचे विकून गेले किंवा त्यांच्या मुलांनी आणखी काही लावलं. वेरंबकर अकरा. पाच घरांची मुलं, त्यांची मुलं, आणि त्यांच्या ओळखीने गावाहून आलेले आणखी कोणी. मी वॉचमनला म्हटलं, वेरंबकरांकडे जायचंय. त्याने रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, 'कौनसा वेरंबकर, मॅडम?'

बाबा असते तर त्यांना मी हे फोन करून सांगितलं असतं, आणि ते म्हणाले असते, 'बत्तीसात नऊ होते, आता दीडशेत अकरा आहेत. तूच हिशोब कर.' केला. त्यांचंच बरोबर येतं, आणि त्याचाही वैताग येतो.

वहीचं सहावं पान शेवटच्या सभेचं आहे. जमा साडेसातशे. स्टॅम्पपेपर, वकील, राजपत्राची फी, पेंटर मिळून खर्च सातशे बत्तीस. शिल्लक अठरा. कमलाकरकाका म्हणाले, घरटी तीन रुपये साठ पैसे परत करा. बाबा म्हणाले, 'थांब. मला पेंटरकडून एक काम करून घ्यायचंय. तंत्रशाळेची पत्रं तीन वर्षं येत राहणार, जाधव नावाने. दारावर नाव नको?' काकांनी बोटांवर अक्षरं मोजली. सहा. मी म्हटलं, मागे 'कु.' घालतात. बाबा म्हणाले, 'नको, एकवीस होतील.'

'शिल्लक रुपये अठरा, नौपाड्याच्या पेंटरास दिले,' असं मी लिहिलं आहे. 'खोली क्रमांक चार, दारावर वेरंबकरांच्या खाली एक ओळ: सुनंदा जाधव. सर्वानुमते.'